आधी काय कराल?

पाण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी नळ येणार म्हणून महादेवी अंधारातच उठली होती. पिंप, हंडा, कळशी, दोन बादल्या, झालंच तर रिकामा कुकरसुद्धा भरून झाला, मोटार बंद केली आणि मग ती भाकरीला लागली. पहिली भाकरी तव्यावर पडली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरला आणि दार वाजलं.

आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्यानं, महेश्वरनं, "यारु?" असं विचारलं. या घरात कोण आलंय ते कानडीत विचारतात आणि आलेल्याशी मराठीत बोलतात. विचारणारा मात्र जागचा उठत नाही. महादेवीच पिठाच्या हातांनी दारात गेली.

दारात शेजारच्या शालनमावशी होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर. एरवी काही लागलं तर दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून त्या हाक मारायच्या. आज त्या वळसा घालून आल्या होत्या आणि दार वाजवून उभ्या होत्या.

"तुमी कालेजात शिकलाय न्हवं, ताई?"

"शिकले की. बी.ए. झाले. सत्तावीस वर्षं झाली त्याला."

"इंग्रजी वाचता येतं न्हवं अजून?"

"वाचता येतं. बोलायला लावू नका फक्त."

"वाचायचंच हाय." शालनमावशींनी मागं वळून आपल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "आमच्या बुद्धप्रियाची परीक्षा हाय. पुस्तक घिऊन भिताडाशी बोलतीय रोज. समोर कुणीतरी बसून प्रश्न इचारला पायजे, असं तीच म्हनती. मला तर त्यातली एबीसीडी कळत न्हाय. ती तुमास्नी सांगायची न्हाय. तिला कुणाला काय मागायची सवय न्हाय. म्हून मी आली."

"कसली परीक्षा? ती तर नोकरीला आहे."

"नोकरीतलीच. बँकेतली माहिती चोरी जाऊ नये म्हून काय काय करायचं असतं, त्याची. सुरक्षा अधिकारी करनार हायत तिला, पर ती परीक्षा पास झाली तर. न्हायतर पुन्यास्नं मानूस आननार. मार्चपतोर मुदत हाय. नोव्हेंबरात बसली हुती. निम्मा पेपर झाला आन् बंद पाडला त्यांनी."

"बंद पाडला म्हणजे?"

"घरातनंच द्यायची असती ती, काम्प्युटरवर. समोर क्यामेरा. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, जागेवरनं उठायचं न्हाय. लांब कुटंतरी बसलेला मानूस बघत असतो. मी रविवारची विहारात गेलती. आन् नेमका आबासाहेब आला हयातीचा दाखला करून घ्यायला. लई वाजवलं म्हनं दार. ही उठली, दार उघडलं. तेवढ्यात तिकडं पेपर बंद. बँक आता एकडाव परत बसवनार हाय. पुन्यांदा न्हाय."

तव्यावरच्या भाकरीचा वास यायला लागला तेव्हा शालनमावशीच म्हणाल्या, "करपतीया बघा." महादेवी आत गेली, भाकरी उलटली आणि तिथूनच म्हणाली, "संध्याकाळी सातला पाठवा तिला."

करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

नोव्हेंबरातला तो रविवार तिला चांगला आठवत होता. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. पलीकडच्या ओळीतले आबासाहेब, जिल्हा परिषदेची जीप चालवून निवृत्त झालेले, शालनमावशींच्या दारात काठी टेकून उभे होते. दोनदा दार वाजवून परत निघाले होते. महादेवीनंच वरून सांगितलं होतं, "आहे की ती घरात. चप्पल आहे की दारात. जरा जोरात वाजवा." मग आबासाहेबांनी काठीनं वाजवलं होतं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "अगं बुद्धप्रिया, मी जिवंत हाय की मेलो, ते तेवढं सरकारला सांग की." ते ऐकून महादेवी हसली होती. पुढं दार उघडलं, बुद्धप्रियानं पायरीवरच फोन धरून आबासाहेबांचा चेहरा टिपला, डोळे मिटा म्हणाली, उघडा म्हणाली, आणि दाखला करून दिला. आत तिचा पेपर बंद पडलेला होता, हे महादेवीला आज कळत होतं.

शालनमावशींची ही लेक तेहेतीस वर्षांची. तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटरची पदविका घेतली आणि एकविसाव्या वर्षी शहरातल्या एका सहकारी बँकेत आकडे भरायला लागली. तेव्हा ती कंत्राटी होती. पुढं कायम झाली, कॉम्प्युटर विभागात गेली आणि हळूहळू अशी वेळ आली की बँकेत कुठलीही वायर कुठून निघून कुठं जाते ते तिच्याशिवाय कुणाला सांगता येत नव्हतं. वेळापूरच्या शाखेतलं मशीन सुरू होत नाही म्हटल्यावर ती पहिल्या गाडीनं निघायची. एकदा तर तिथं जाऊन पाहिलं, तर उंदरानं वायर कुरतडली होती. तिनं वायर बदलली, भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली. भोक बुजवणं तिच्या कामात बसत नव्हतं. पण सिमेंट जवळच होतं, असं ती म्हणाली.

कॉलनीतही तसंच. कुणाचं आधार जोडायचं, कुणाच्या गॅसचं काही अडलं, मुलांचे फॉर्म, लाइटचं बिल. "बुद्धप्रिया हाय का?" हे वाक्य त्या दारात दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. आणि ती असली, की उठायची. ताटावरूनही उठायची.

ठरल्याप्रमाणं ती सातला आली. हातात जाडजूड पुस्तक, केस ओले, बँकेतून येऊन तोंड धुतलेलं.

"आईनं उगीच तुम्हाला कामाला लावलं, वहिनी."

"मला काय काम? ज्वारी निवडायचीच आहे. तू बस." महादेवीनं सूप पुढं ओढलं. "मी वाचते. उच्चाराला हसायचं नाही."

"मी कशाला हसू? माझा उच्चार बँकेतल्या साहेबांना अजून कळत नाही."

महादेवी वाचायला लागली. प्रश्न लांबलचक होते, इंग्रजी सरळ होतं. एखाद्या कंपनीत अमुक घडलं, सुरक्षा व्यवस्थापकानं आधी काय करावं, खाली चार पर्याय. पहिलाच प्रश्न असा होता की एका मशीनमध्ये कुणीतरी बाहेरून शिरल्याचा इशारा आलाय.

"वायर काढायची," बुद्धप्रिया पर्याय ऐकायच्या आधीच म्हणाली.

"पर्याय तर ऐक."

"ऐकले असं समजा. मशीन आधी नेटवर्कपासून तोडायचं. आत शिरलाय म्हटल्यावर बघत बसायचं का?"

महादेवीनं मागचं पान उलटून उत्तर पाहिलं. "इथं म्हणतात, आधी खात्री करावी. इशारा खरा आहे का ते बघावं."

"हे नोव्हेंबरातही मला पटलं नव्हतं," बुद्धप्रिया म्हणाली.

दुसऱ्या प्रश्नात एक माणूस दोन्ही हातांत खोकी घेऊन कर्मचाऱ्याच्या मागोमाग आत येतो आणि दार धरायला सांगतो. पुस्तकाच्या मते त्याचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय दार धरायचं नाही.

"हे मला पाठ आहे, म्हणून बरोबर लिहीन," बुद्धप्रिया म्हणाली. "पण खरं सांगू? आमच्या बँकेत दार धरलं नाही, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या शाखांत कळेल की मुलीला गर्व चढलाय."

दर चुकलेल्या उत्तराला महादेवी ज्वारीतला एक खडा बाजूच्या वाटीत टाकत होती. तिनं तसं सांगितलं नव्हतं. तासाभरानं बुद्धप्रियानं वाटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "या वेळी ज्वारीत खडे फारच आलेत का?"

"ज्वारी चांगली आहे," महादेवी म्हणाली.

असे आठ-दहा दिवस गेले. बुद्धप्रियाला विषय येत नव्हता असं नाही. आकडे, नावं, नियम, कुठल्या कुलपाला काय म्हणतात, हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. खडा पडायचा तो 'आधी काय कराल' याच प्रश्नाला. विषय न कळणाऱ्या महादेवीला हे लवकर दिसलं, कारण तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. तिनं दोन दिवस आणखी पाहिलं आणि मग एका संध्याकाळी पुस्तक मिटलं.

"तू लग्नघरातली कोठी पाहिली आहेस?"

"सामान ठेवतात ती?"

"तीच. माझं माहेर अक्कलकोटकडचं. आमच्यात लग्नाला एक बाई कोठीत बसवतात. किल्ली तिच्या कमरेला. बाहेर तूप संपलं म्हणून कुणी ओरडत आलं, तर ती तूप आणायला पळत नाही. पळणाऱ्या बायका वेगळ्या असतात. ती आधी विचारते, पंगती किती उरल्या? खरंच संपलं, की वाढप्यानं भांडं कुठं ठेवलं ते विसरला? मग कुणाला पाठवायचं ते सांगते. सगळं लग्न होईतो ती जागची हलत नाही, आणि तरी लग्न तिच्याच जिवावर पार पडतं."

"बरं."

"या पुस्तकाला पळणाऱ्या बाईचं उत्तर नकोय. कोठीवालीचं पाहिजे. तू प्रत्येक वेळी पळतेस."

"म्हणजे बसून राहायचं?"

"बसून राहायचं आणि विचारायचं."

"आमच्याकडं बसून राहिलं तर म्हणतील, पगार कशाचा घेते."

भिंतीपलीकडं शालनमावशी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. "कोठीत हिला बसवली तर कोठी मोकळीच राहील," त्या तिथूनच म्हणाल्या. "धम्मदीपच्या, हिच्या भावाच्या लग्नात हिनं माईक जोडला, पंगत वाढली, आन् नवरदेवाचा फेटा सापडंना तर तो बी हिनंच हुडकला. फोटोत कुटंच न्हाय ही. पावनं इचारत्यात, बहीन आलीच न्हवती का?"

"आई, तू पाणी घाल."

"घालतीय की."

त्या दिवसापासून खडे थांबले. चुकीचं उत्तर आलं की महादेवी नुसती "कोठी" म्हणायची. बुद्धप्रिया डोळे मिटायची, पर्याय पुन्हा ऐकायची आणि कधी बरोबर यायची, कधी नाही. रोज चुका थोड्या कमी होत होत्या, पण मुदतीच्या मानानं थोड्याच. परीक्षेला आठवडा उरला असताना तिनं सलग चार प्रश्न चुकवले आणि पुस्तक स्वतःकडं ओढून घेतलं.

"मला हे जमणारं नाही, वहिनी. पुण्याचा माणूस येऊ दे. मी त्याला वायरी दाखवीन."

महादेवीनं तिला समजावलं नाही. तिनं विचारलं, "ते चेअरमनच्या पत्राचं काय होतं? तुझी आई एकदा सांगत होती."

"ते होय?" बुद्धप्रियाला आठवायला वेळ लागला. "दोन वर्षांपूर्वीचं. साहेबांना चेअरमनच्या नावानं ईमेल आला. अमुक खात्यावर तातडीनं रक्कम पाठवा, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. साहेब पाठवणारच होते. मला फक्त छापून द्यायला सांगितलं."

"मग?"

"त्यात 'कृपया' लिहिलं होतं. आमचे चेअरमन माळशिरसकडचे. बारा वर्षांत मी त्यांना 'कृपया' म्हणताना ऐकलं नाही. ते लिहितात, 'ताबडतोब बघा की.' मी साहेबांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि चेअरमनच्या घरी फोन लावला. ते जेवत होते. कसलं पत्र, म्हणाले."

"म्हणजे तू पळाली नाहीस."

"पळायला काय होतं त्यात?"

"सगळे पळत होते. साहेब पळत होते. तू थांबवलंस आणि आधी विचारलंस." महादेवीनं पुस्तक परत स्वतःकडं घेतलं. "पुढचा प्रश्न वाचू का?"

"वाचा," बुद्धप्रिया म्हणाली. तो बरोबर आला. त्याच्या पुढचा चुकला. मग तीन बरोबर आले.

या सगळ्या दिवसांत महादेवीनं नोव्हेंबरचं सांगितलं नव्हतं. रोज सातच्या आधी ती ठरवायची आणि रोज प्रश्न वाचायला सुरुवात करायची. अभ्यासात खोडा नको, हे एक कारण होतं. दुसरं कारण तिला माहीत होतं आणि ते तितकंसं चांगलं नव्हतं. महेश्वरला तिनं एकदा जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय माहीत, आत परीक्षा चाललीय ते?" आणि आणखी भात मागितला. तो बोलला ते खरं होतं, पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

परीक्षा रविवारी नऊ ते एक. शनिवारी संध्याकाळी बुद्धप्रिया आली ती पुस्तक न घेता. तिच्या खोलीची तयारी झाली होती. टेबल मोकळं केलं होतं, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं होतं, कारण कॅमेऱ्यातून चारी भिंती दाखवायच्या असतात आणि भिंतीवर लिहिलेलं काही चालत नाही. पुण्याच्या केंद्रावर जायचं तर एप्रिलपर्यंत तारीख नव्हती. बँकेत बसून द्यायची तर परीक्षेचं पानच तिथं उघडत नव्हतं.

"का उघडत नाही?"

"मीच तसं करून ठेवलंय. बाहेरचं काही उघडू नये म्हणून."

महादेवीनं चहा टाकला. दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिली, कप भरले, बाहेर गॅलरीत आणून ठेवले आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मला एक सांगायचंय. नोव्हेंबरात, त्या रविवारी, आबासाहेब परत निघाले होते. मी त्यांना वरून—"

"'चप्पल आहे की दारात,'" बुद्धप्रिया म्हणाली. अगदी महादेवीच्याच सुरात.

महादेवी उभीच राहिली.

"खिडकी उघडी होती, वहिनी. सगळं ऐकू येत होतं. तुमचं, आबासाहेबांचं. शहाण्णवावा प्रश्न होता."

"मग बोलली नाहीस इतके दिवस?"

"काय बोलायचं? चप्पल होतीच की दारात. तुम्ही खोटं थोडंच सांगितलं?" तिनं कप उचलला. "आणि तुम्ही सांगितलं म्हणून मी उठले नाही. मी तशीही उठलेच असते. तिसऱ्यांदा वाजलं की मला बसवत नाही."

"उद्या चप्पल आत ठेव."

"चप्पल आत ठेवली तर स्कूटर दिसेल. स्कूटर लांब लावली तर पंखा ऐकू येईल. आणि उद्या पाण्याचा दिवस आहे. नळ नऊला आला, तर मोटार चालेना म्हणून निम्मी गल्ली दार वाजवेल. आई तर घरात नकोच. ती असली की आलेल्याला आत घेते, चहा टाकते आणि माझ्या दाराशी येऊन विचारते, साखर किती."

"बाहेरून कुलूप लावून जाऊ देत त्या."

"आईनं तेच सुचवलं. मी नाही म्हटलं. आत माणूस आणि बाहेरून कुलूप, हे पुस्तकात बसत नाही. आग लागली तर? आधी माणसाचा जीव, मग बाकी सगळं. तो प्रश्न माझा कधी चुकला नाही."

दोघी हसल्या. चहा संपत आला होता. खाली रस्त्यावर आबासाहेब काठी टेकत चालले होते. बुद्धप्रियाला वर पाहून त्यांनी हात केला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मग 'उद्या येतो' अशी खूण करून पुढं गेले. बुद्धप्रियानं कप खाली ठेवला. तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून तिनं महादेवीचाही कप उचलला, दोन्ही कप एकात एक ठेवले, आणि मग आत न नेता तिथंच ठेवून दिले.

"मी विचार केला, आधी काय करायचं," ती म्हणाली. "वहिनी, उद्या साडेआठ ते एक, आमच्या पायरीवर बसाल का? कुणीही आलं तरी मी घरात नाही असं सांगू नका. 'आहे, पण एकनंतर या,' एवढंच म्हणा."